उद्यमबाग, शिनोळी आणि गावातलं ऑफिस : कामं आपोआप व्हावीत तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप, सीमेपलीकडे शिनोळीत दुसरं युनिट, बिलिंग आणि हिशेब गावातल्या ऑफिसात. तिन्हीकडे मिळून आठ कॉम्प्युटर. हिशेबाला टॅली, बाकी सगळा कारभार एक्सेल, चलनबुक आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शिनोळीहून कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगला येतं, काही परत जातं, काही थेट गिऱ्हाइकाकडे. महिनाअखेर साठा जुळत नाही आणि एकच माहिती चार जण चार ठिकाणी टाइप करतात. सगळे कॉम्प्युटर जोडून कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर सुचवा, बजेट बेताचं आहे, आणि भाचा बीसीए झालाय, तो बनवू शकेल का, असं विचारलंय.

कॉम्प्युटर तुमचे जोडलेलेच आहेत. वायर आहे, इंटरनेट आहे, एकमेकांचे फोल्डरही दिसत असतील. जोडलेली नाहीत ती कामं. एकाचं काम संपलं की ते दुसऱ्याला कळतं फोनवरून किंवा फोटोवरून, आणि नोंद तिथेच तुटते. बेळगाव, निपाणी, चंदगड या पट्ट्यात मी हेच काम करत आलोय. साठा न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या जागी सापडतं. म्हणून सॉफ्टवेअरचं नाव मी शेवटी सांगणार आहे, आणि ते तसं फार महत्त्वाचंही नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. उलाढाल पाच कोटींच्या वर आहे का, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या वरच्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं आहे. दोन्ही युनिट एकाच पॅनवर आहेत की शिनोळीचं भावाच्या नावावर आहे? कास्टिंग तुमच्या मालकीचं की गिऱ्हाइकाचं, तुमच्याकडे नुसतं जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून द्यायला, येणारं? शिनोळीत नेट कसं आहे? यातल्या प्रत्येक उत्तराने मांडणी थोडी बदलेल. खाली मी धरून चाललोय की पॅन एकच आहे आणि माल दोन्ही प्रकारचा आहे.

आता एका चलनामागे चालत जाऊ. समजा शिनोळीच्या स्टोअरवाल्याने १२० नगांचं चलन फाडलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला, टेम्पो निघाला. उद्यमबागेत गेटवरच्या माणसाने मोजले तर ११८ भरले. त्याने गेट रजिस्टरात ११८ लिहिलं. सुपरवायझरने बोर्डावर ११८ लिहून काम चालू केलं. ऑफिसातल्या मुलीने ग्रुपवरचा फोटो बघून १२० टाकले. यात कुणाची चूक काढणार? प्रत्येकाने समोर दिसलं ते इमानदारीने लिहिलं. ते दोन नग पुढचं वर्षभर एक्सेलमध्ये राहतील, शेडमध्ये मात्र कधीच नव्हते. पाठवलेले किती आणि मिळालेले किती, असे दोन वेगळे रकाने कुठेच नाहीत, एवढंच मूळ दुखणं.

म्हणून तुमचं पहिलं ऑटोमेशन एवढंच असावं की चलनाला अवस्था असाव्यात. तयार झालं, निघालं, पोचलं, मोजलं, जुळलं. प्रत्येक अवस्था पुढे सरकवणारा माणूस ठरलेला, आणि त्याचं नाव आणि वेळ आपोआप नोंदलेली. शिनोळीत 'निघालं' दाबलं की उद्यमबागेच्या गेटवरच्या स्क्रीनवर ते चलन दिसायला लागेल. तीन तासांत कुणी 'पोचलं' दाबलं नाही तर सुपरवायझरच्या फोनवर मेसेज जाईल. मोजणीत फरक आला तर चलन 'जुळलं' मध्ये जाणारच नाही. फरकासकट एका माणसासमोर उभं राहील. बऱ्याच ठिकाणी फरक आला की सॉफ्टवेअर स्वतःच समायोजनाची नोंद टाकून मोकळं होतं. ती सोय पहिल्या दिवशी बंद करा.

हे बसलं की टाइपिंग आपोआप कमी होतं. नग, वजन, ड्रॉइंग नंबर एकदाच शिनोळीत टाकायचे. पुढे सगळ्यांनी फक्त हो म्हणायचं किंवा फरक लिहायचा.

आता सीमेचा भाग, कारण बेंगळुरूचा किंवा पुण्याचा विक्रेता तुम्हाला तयार पॅकेज देईल तेव्हा त्याला हा भाग ठाऊकच नसतो. शिनोळी दुचाकीवरून जाण्याइतकी जवळ, पण ती चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. तिथला जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, उद्यमबागेचा कर्नाटकाच्या २९ ने. पॅन एक असला तरी जीएसटीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. त्यामुळे माल हलतो तो आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी) लावलेल्या बिलावर की जॉबवर्कच्या चलनावर, हे आधी तुमच्या सीएंनी ठरवायचं. ते प्रत्येक वस्तूपुढे एकदा लिहून ठेवायचं, आणि रोज टेम्पो भरताना स्टोअरवाल्याला तो प्रश्नच पडू द्यायचा नाही.

माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाचंही तसंच. सगळ्यांच्या डोक्यात ५० हजारांची मर्यादा बसलेली असते. महाराष्ट्राच्या आतल्या आत ती एक लाख आहे. पण मूळ मालक एका राज्यात आणि जॉबवर्क करणारा दुसऱ्या राज्यात असेल, तर किमतीची मर्यादाच नाही. छोट्या हत्तीतून आठ कास्टिंग गेली तरी ई-वे बिल लागतं. तुमच्या सॉफ्टवेअरमधला नियम नुसत्या रकमेवर लावला असेल तर नेमक्या अशा फेऱ्या बिनबिलाच्या सुटतील. नियम लावायचा तो कुठून, कुठे आणि कशासाठी, या तिन्हींवर, रक्कम त्यानंतर.

जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, यंत्रसामग्री असेल तर तीन वर्षांत. डाय, जिग, फिक्स्चर यांना ती मुदत नाही. जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा हिशेब देणारा आयटीसी-०४ हा फॉर्म उलाढाल पाच कोटींवर असेल तर सहामाही, खाली असेल तर वार्षिक. आज हे काम कोण करतं? बहुतेक मार्चअखेर कुणीतरी चलनबुकं पुढ्यात घेऊन बसतं. चलनाला अवस्था आणि तारीख असली की दहा महिने उलटून गेलेल्या, अजून न जुळलेल्या चलनांची यादी दर सोमवारी आपोआप निघते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला पैसे वाचवणारा भाग हाच.

पार्टीची नावं साफ करणं हे कंटाळवाणं काम आधी उरकून घ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या लेजरमध्ये एकाच पार्टीचे दोन-तीन अवतार पत्त्यासकट नांदत असतात. ओळख धरायची ती पंधरा अक्षरी जीएसटी नंबराने. नावाने नको, आणि पॅननेही नको, कारण तुमच्यासारखीच तुमच्या गिऱ्हाइकांचीही सीमेच्या दोन्ही बाजूंना नोंदणी असते.

आता खरं तांत्रिक दुखणं. भाचा बनवणार असेल तर हा भाग त्याला वाचायला द्या.

शिनोळीत स्टोअरवाला 'निघालं' दाबतो. नेट गेलेलं असतं. स्क्रीनवर चाक फिरत राहतं. तो पुन्हा दाबतो, मग पुन्हा. नेट आलं की एका टेम्पोची तीन चलनं तयार. तीन ठिकाणचे कॉम्प्युटर जोडलेल्या कुठल्याही व्यवस्थेत हे होणारच, हे धरूनच बांधणी करायला लागते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला, चलनाचा नंबर ते तयार होतं त्या क्षणी, त्याच जागी पडला पाहिजे. मुख्य मशीनने, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे जमतात त्या कॉम्प्युटरने, नंतर देऊन चालत नाही. प्रत्येक जागेची स्वतःची मालिका ठेवा. नियमाने नंबर १६ अक्षरांपर्यंत असू शकतो, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते, त्यामुळे जागेचं अक्षर आणि वर्ष आरामात बसतं. मग तोच निरोप तीनदा आला तरी मुख्य मशीन नंबर बघून म्हणेल, हे मला मिळालंय, आणि दुसरी नोंद करणार नाही. ई-इन्व्हॉइसचं पोर्टल हेच करतं. त्याचा ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा ओळख नंबर) विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा नंबर यांवरूनच निघतो, म्हणून तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं की ते परत येतं. जून २०२५ पासून तर बिल नंबरातलं लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर ते एकच धरतात. तुमच्या चलनालाही तीच शिस्त लावा.

दुसरा उपाय रांगेचा. नोंद आधी शिनोळीच्याच मशीनवर साठायची, मग पाठवायच्या रांगेत लागायची. नेट असेल तर लगेच जाईल, नसेल तर थांबेल, आणि आल्यावर क्रमाने जाईल. रांगेतून नोंद काढायची ती पलीकडून मिळाल्याचं उत्तर आल्यावरच. रजिस्टर पोस्टाची पोचपावती हातात आल्याशिवाय आपण काम झालं म्हणत नाही, तेच इथे. आणि चार-पाच प्रयत्नांनंतरही जी नोंद जात नाही, तिने रांग अडवून बसायचं नाही; बाजूला एका अडकलेल्या नोंदींच्या यादीत जायचं. ही यादी रोज सकाळी कोण बघणार, ते नाव ठरवा. विक्रेते डेमोमध्ये रंगीत तक्ते दाखवतात, ही यादी कुणी दाखवत नाही. तुम्ही मुद्दाम मागा. "नेट तोडून दाखवा आणि मग तेच बटण तीनदा दाबा," असं सांगा. अर्ध्या सॉफ्टवेअरचा निकाल तिथेच लागतो.

शेअर फोल्डरमधल्या एक्सेलवर हे काहीच होत नाही. एकाने फाइल उघडी ठेवली की दुसऱ्याला कुलूप दिसतं, मग तो नवीन नावाने जतन करतो, आणि 'स्टॉक फायनल नवीन' नावाच्या तीन फायली जन्माला येतात. एक्सेल बघायला आणि छापायला ठेवा. नोंद एकाच डेटाबेसमध्ये.

माणसासारखं माउस हलवून बटणं दाबणारे रोबो हल्ली बरेच जण विकतात. जीएसटीच्या पोर्टलवर ते लावायला जाऊ नका. ई-वे आणि ई-इन्व्हॉइसच्या लॉगिनला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपी लागतो, आणि तो मालकाच्या खिशातल्या फोनवर येतो; रोबो बिचारा रात्री दोनला त्याची वाट बघत बसतो. ते काम टॅलीतून किंवा अधिकृत जोडणी देणाऱ्या सेवेतून करा. व्हॉट्सअॅपचंही तेच. निरोप आपोआप पाठवायचे तर व्हॉट्सअॅपचीच अधिकृत व्यवसाय सेवा घ्या. जुगाडाने जोडलेला नंबर बंद होऊ शकतो, आणि तो मालकाचा नंबर असेल तर गिऱ्हाइकंच तुटतात.

टॅलीत नोंद घालायला त्याची स्वतःची वाट आहे. एक्सएमएल या मजकुराच्या ठरावीक स्वरूपात, साधारणपणे ९००० नंबरच्या पोर्टवरून (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या दारातून). त्यासाठी त्या मशीनवर टॅली चालू आणि कंपनी उघडलेली लागते, म्हणून एक मशीन त्या कामालाच राखा. तो पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कबाहेर उघडू नका. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये दुसऱ्या प्रोग्रामने हात घालायचा नाही, भाचा कितीही हुशार असला तरी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातल्या प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे सगळ्यांनी एकाच 'अॅडमिन' नावाने शिरायची सवयही मोडायला लागेल.

आपोआप काय करू नये, तेही सांगतो. दरातला बदल, उधारीची मर्यादा ओलांडून माल सोडणं, आणि रिजेक्शन. रिजेक्शनवर जरा थांबतो. बोअर मारल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, निघाला. कास्टिंग कुणाचं, मशीनिंगचा खर्च कुणाच्या माथी? फौंड्रीवाला म्हणतो तुमचा सेटिंगचा घोळ, शॉपवाला म्हणतो तुमचं ओतकाम. एकच मालक असला तरी दोन युनिटांचे दोन सुपरवायझर भांडतात की. सॉफ्टवेअरने इथे फक्त नग बाजूला काढून फोटो आणि हीट नंबरसकट (कुठल्या ओतकामाच्या घाण्यातला, तो नंबर) त्या दोघांपुढे ठेवावा, आणि निर्णय लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

गेटवरच्या स्क्रीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही असू द्या. शिनोळीचा माणूस आणि उद्यमबागेतला माणूस एकाच भाषेत वाचेल असं गृहीत धरू नका. शक्य तिथे वस्तूचं नाव टाइप करायला लावूच नका. ड्रॉइंग नंबर आणि मोठी बटणं पुरतात. सुट्ट्यांचं कॅलेंडर जागेनुसार वेगळं ठेवा. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, उद्यमबाग बंद आणि शिनोळी चालू असली, तर 'तीन तासांत पोचलं नाही' चे मेसेज दिवसभर येत राहतील, आणि एकदा का लोकांना असे मेसेज न वाचता पुसायची सवय लागली की खरा मेसेजही पुसला जातो.

सामानाचं भराभर सांगतो. मुख्य मशीनला कायमचा आयपी पत्ता द्या, नाहीतर लाईट जाऊन आली की बाकीची मशीन तिला शोधत बसतात. त्या मशीनसोबत नेटच्या राउटरलाही यूपीएस हवा. एकीकडे कर्नाटकातली वीज कंपनी हेस्कॉम, दुसरीकडे महावितरण, शटडाउनचे दिवस वेगळे, त्यामुळे एक बाजू बंद असताना दुसरी चालली पाहिजे. वरची रांग तिथेही कामाला येते. दोन शेडमध्ये तांब्याची वायर ओढू नका, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या वायरीतून दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जातात. स्टोअरमधल्या जुन्या मशीनची बॅटरी संपली असेल तर घड्याळ मागे जातं, तारखा चुकतात आणि सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत; सगळ्यांची वेळ एकाच ठिकाणाहून जुळवून घ्या. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ती मशीन बदलायच्या यादीत घ्या. शिनोळी आणि ऑफिस व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित जोडणीने) जोडा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा तुमच्याकडे आयतीच आहे. महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का, ते बघा.

आता नाव. पाच-सहा जणच वापरणार असतील आणि टॅली सोडायची नसेल, तर टॅली तशीच ठेवून चलनासाठी छोटा वेब प्रोग्राम आणि मधल्या जोडणीला नोड-रेड (Node-RED) किंवा एनएटएन (n8n) यांसारखं प्रोग्राम एकमेकांना जोडणारं साधन, एवढं पुरतं. खरेदी, साठा, उत्पादन सगळं एकत्र हवं असेल आणि रोज वेळ देणारा एक माणूस असेल, तर मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बघा; ते मुक्त स्रोत आहे, पण फुकट म्हणून घेऊ नका, बसवायला आणि शिकवायला खर्च येतोच. तसा माणूस नसेल तर ईआरपीच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हींत वरच्या अवस्था, मालिका आणि रांग बसवता येतात.

भाच्याला द्या काम. पण आधी त्याला सलग काही दिवस शिनोळीच्या गेटवर बसवा, कोड नंतर. पहिली खेप फक्त शिनोळी ते उद्यमबाग या एका वाटेची, जुनी चलनबुकं सोबत चालू ठेवून. रोज संध्याकाळी दोन्ही जुळवायची. फरक आला तर कारण सापडेपर्यंत पुढची वाट जोडायची नाही. त्याने लिहिलेलं सगळं, पासवर्डसकट, तुमच्या ताब्यात एका जागी लिहून ठेवलेलं असू द्या. उद्या त्याला पुण्याला नोकरी लागली तर दुसऱ्याला ते उचलता आलं पाहिजे. आणि मार्चमध्ये काही चालू करू नका. नव्या मालिका तशाही १ एप्रिलला सुरू होतात. फेब्रुवारीत चाचणी, मार्चभर जुनंच, आणि एक तारखेला पहिलं चलन नव्या नंबराने.